उजेडाला ईएमआय नसतो

मला दोन प्रकारच्या लोकांशी भांडायचं आहे. पहिले, ‘चांगला फोटो हवा तर आधी चांगलं गिअर घ्या’ असं सांगणारे. दुसरे, ‘घरच्या घरी फोटोग्राफीच्या दहा भन्नाट ट्रिक्स’ अशी तीस सेकंदांची रील टाकणारे. वरवर पाहता हे एकमेकांचे शत्रू. एक म्हणतो खिसा मोकळा करा, दुसरा म्हणतो एक रुपयाही घालवू नका. पण आतून दोघांचं एकमत आहे. घरी बनवलेली वस्तू म्हणजे ‘खऱ्या’ वस्तूची स्वस्तातली नक्कल, हातात पैसे येईपर्यंतची तात्पुरती सोय, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. फरक इतकाच की एकाला त्या नकलेची लाज वाटते आणि दुसरा तिच्यावर लाइक्स मिळवतो.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. पुठ्ठा, बटर पेपर, सुतळी, भिंग यांतून स्वतः केलेलं साधन तुम्हाला उजेडाबद्दल विचार करायला लावतं. कुठून येऊ द्यायचा, किती अडवायचा, कुठे परतवायचा हे तुम्हाला ठरवावं लागतं. आज फोनचा कॅमेरा नेमकं हेच ठरवणं तुमच्याकडून काढून घेतो, आणि मग ‘प्रो’, ‘अल्ट्रा’ असल्या नावांनी दरवर्षी तुम्हालाच परत विकतो. फोन इतका हुशार झाल्यावर घरच्या खटपटींची गरज संपली असं लोक म्हणतात. मी म्हणते, खरी गरज आत्ता सुरू झाली आहे.

हे मी कुठल्या अधिकाराने बोलते? मी बचत गटांतल्या बायकांसाठी आणि कॉलेजच्या मुलांसाठी फोनवर फोटो काढायची शिबिरं घेते. लोणचं, पापड, गोधड्या, मसाले यांचे फोटो. व्हॉट्सॅपवर गेलेला फोटो बरा असेल तर ऑर्डर येते, नसेल तर येत नाही. त्यामुळे आमच्याकडे फोटो चांगला की वाईट हा प्रश्न कलेच्या चर्चेत अडकून पडत नाही, महिनाअखेरीला वहीत दिसतो.

बरणीतली बांगडी

एका गटाने कोणाच्या तरी सल्ल्यावरून साडेतीन हजारांचा ‘प्रॉडक्ट फोटोग्राफी किट’ घेतला होता. रिंग लाइट, स्टँड, घडी होणारा पांढरा डबा. गटाच्या बचतीतून घेतलेला, म्हणजे कोणाच्या तरी कर्जाचा हप्ता पुढे ढकलून घेतलेला. मी गेले तेव्हा तक्रार अशी होती की लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर एक पांढरी बांगडी दिसते. फोन बदलून पाहिला, बरणी पुसून पाहिली, तरी बांगडी जात नव्हती.

ती जाणारच नव्हती. काचेची बरणी हा एक वाकडा आरसाच असतो. समोर जे चमकतं त्याचा आकार ती तसाच दाखवते. गोल दिवा लावलात तर गोल दिसणार. रिंग लाइट हे माणसाच्या चेहऱ्यासाठी, तेही अगदी समोरून बोलणाऱ्या माणसासाठी सोयीचं साधन आहे. काच, स्टील, तेलाचा तवंग या गोष्टींसमोर ते ठेवणं म्हणजे आरशासमोर बल्ब धरून आरशाचा फोटो काढणं. विकणाऱ्याला हे माहीत असेल किंवा नसेल, किटवर मात्र लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही काय केलं? खोलीला पूर्वेकडे एक खिडकी होती. तिच्यावर आतून बटर पेपर चिकटवला. खिडकीशेजारी टेबल, टेबलावर बरणी, आणि बरणीच्या दुसऱ्या बाजूला मुलांच्या प्रोजेक्टचा पांढरा कार्डशीट उभा. बरणीवर आता बांगडीऐवजी एक उंच, सौम्य, पांढरा पट्टा आला. तो पाहिला की डोळ्याला लगेच कळतं, ही काच आहे, गोल आहे, स्वच्छ आहे. नंतर काळ्या कागदाची एक पट्टी बरणीच्या कडेला, फोटोत येणार नाही अशी धरली. काचेची कड काळ्या रेषेने उठून दिसायला लागली. सगळा खर्च पन्नास रुपयांच्या आत.

पण पन्नास रुपये हा या गोष्टीचा मुद्दा नाही. मुद्दा त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा आहे. बायकांनी स्वतःहून टेबल खिडकीपासून लांब नेऊन पाहिलं, आणि सावल्या कडक झाल्या. जवळ आणलं, मऊ झाल्या. म्हणजे उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचं तोंड केवढं दिसतं, त्यावर ठरतं. तीन फुटांची खिडकी दोन फुटांवर असेल तर ती वस्तूसाठी अख्खं आभाळ असते. रिंग लाइट सहा फुटांवर नेला तर तो टॉर्च होतो. सूर्य एवढा प्रचंड, पण इतक्या लांब आहे की भर दुपारी त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. आणि ढग आले की अख्खं आभाळ दिवा होतं, सावली विरघळते.

बटर पेपर पाहून एक काकू म्हणाल्या, “म्हणजे उजेड वस्त्रगाळ केला म्हणा की.” डिफ्यूजनला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. पुढच्या वेळी बटर पेपर नव्हता, तर त्यांनी जुनं धोतर लावलं. मला विचारलंही नाही. किट घेतलेल्या माणसाला किट बिघडला की दुकानात जावं लागतं. उजेड कळलेल्या माणसाला कपाट उघडलं तरी पुरतं.

उजेड पाडणं आणि गोरं करणं

आता जरा टोचणारी गोष्ट. शिबिरात मी पहिल्यांदा सगळ्यांना शेजारणीचा फोटो काढायला सांगते. निम्म्या फोनांत चेहरा गुळगुळीत होतो आणि एक-दोन छटा उजळ होतो. ब्यूटी मोड चालू आहे हे अनेकींना माहीतच नसतं. कोणी सेटिंगमध्ये जाऊन तो लावलेला नसतो. फोनने परस्पर ठरवलेलं असतं की या बाईचं काय चुकलंय आणि ते कसं दुरुस्त करायचं.

ही खोड जुनी आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचं कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की छपाई बरोबर. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बुडून जात, दात आणि डोळे तेवढे दिसत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. आज फिल्म गेली, कार्ड गेलं, पण सावळ्या चेहऱ्याला ‘दुरुस्त’ करायची सवय सॉफ्टवेअरमध्ये आली.

सावळ्या त्वचेचा फोटो चांगला येत नाही ही समजूत साफ खोटी आहे. त्वचा जितकी गडद, तितकं तिचं रूप चमकेवर जास्त खुलतं. कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर उजेड कसा घरंगळतो त्यावर. त्यासाठी मोठा, एका बाजूने येणारा, वस्त्रगाळ उजेड लागतो आणि दुसऱ्या बाजूला परतवायला काहीतरी पांढरं. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल चालतो. मुंबईत शूटिंगच्या सेटवरही उजेड परतवायला थर्माकोलच्या पाट्या धरलेल्या दिसतात, तेव्हा त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. थर्माकोल नसेल तर पांढरी चादर. तीही नसेल तर पांढरा सदरा घातलेला भाऊ शेजारी उभा करा.

मराठीत ‘उजळ’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, आणि तिथेच घोटाळा होतो. उजेड पाडणं म्हणजे जे आहे ते दिसेल असं करणं. गोरं करणं म्हणजे जे आहे ते झाकणं. पहिलं काम कार्डशीट करतो, दुसरं काम फोन करतो. शिबिरात ब्यूटी मोड बंद करून, खिडकीशेजारी बसवून काढलेला स्वतःचा फोटो पाहून एक मुलगी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, हा डीपीला ठेवला तर चालेल?” तिला माझी परवानगी लागावी याचा मला राग आला, आणि तो राग तिच्यावर नव्हता.

फोनमधला चंद्र

मार्च २०२३मध्ये रेडिटवर एकाने एक प्रयोग मांडला. त्याने चंद्राचा एक फोटो मुद्दाम इतका धूसर केला की त्यात तपशील उरलेच नाहीत. तो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला. फोनमधल्या चंद्रावर डाग आणि विवरं उमटली होती. पडद्यावर ती नव्हतीच. त्यानंतर कंपनीने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो, एआयच्या मदतीने तपशील वाढवतो, आणि नको असेल तर ही सोय बंद करता येते.

चंद्राचं ठीक आहे हो, तो एकच आहे आणि सगळ्यांना एकच बाजू दाखवतो. पण तोच न्याय पोर्ट्रेट मोडला लावा. मागची धूसरता ही भिंगाने केलेली नसते. फोनने अंदाज बांधलेला असतो की माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, मग भिंत पुसलेली असते. म्हणून तर सुटे केस कापले जातात, चष्म्याची काडी गायब होते आणि आजीच्या नाकातली नथ अर्धीच उरते.

खरी धूसरता कशी असते हे पाहायला लाखाची लेन्स लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून तीन इंची भिंग आणा. भिंतीसमोर धरून मागेपुढे करा. भिंतीवर समोरच्या खिडकीबाहेरचं झाड उलटं, स्पष्ट उमटलं की भिंग आणि भिंत यांतलं अंतर मोजा. ते साधारण वीस सेंटीमीटर भरलं असं धरू. आता बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला भिंगाएवढं भोक पाडून भिंग बसवा. दुसरा, किंचित लहान पुठ्ठ्याचा डबा घ्या, त्याच्या एका तोंडाला बटर पेपर ताणून लावा आणि तो खोक्यात मागून सरकवा. बटर पेपर भिंगापासून वीस ते पंचवीस सेंटीमीटरवर पुढेमागे व्हायला हवा. मागून काळं कापड डोक्यावर घ्या आणि समोर खिडकीच्या उजेडात कोणालातरी दीड मीटरवर बसवा.

बटर पेपरवर माणूस उलटा दिसेल. आतला डबा दोन मिलिमीटर सरकवा, नाक स्पष्ट. परत दोन मिलिमीटर, कान स्पष्ट आणि नाक विरघळलेलं. मधोमध चित्र नेटकं आणि कडांना वितळल्यासारखं. त्याचा फोनने फोटो काढा. यातली प्रत्येक धूसरता उजेडाने स्वतः केलेली आहे, कोणाच्या अंदाजाने नाही. (काम झालं की भिंग उन्हात ठेवू नका, पुठ्ठा पेटतो.)

हा फोटो पोर्ट्रेट मोडपेक्षा ‘भारी’ असेल का? बहुधा नाही. पण हा डबा एकदा केलात की फोनच्या प्रत्येक फोटोत थाप कुठे मारली आहे ते तुम्हाला दिसायला लागतं. ज्या पिढीच्या हातात दिवसाला शंभर चित्रं येतात, निवडणुकीच्या आदल्या रात्री येतात, दंगलीच्या वेळी येतात, तिला हे दिसणं मला गरजेचं वाटतं.

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला जुगाड म्हणाल?

‘जुगाड’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. त्यात काम कसंतरी भागवल्याचा वास आहे. आपल्याकडे यासाठी हिकमत, क्लृप्ती, खटपट असे चांगले शब्द होते. आणि ज्या गोष्टींना ते शोभतात त्या आपल्याच अंगणात घडलेल्या आहेत.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून महिनाभर थोडी थोडी फिल्म घेतली आणि एका झाडाचं वाढणं काही क्षणांत दाखवलं. तुमच्या फोनमध्ये ‘टाइमलॅप्स’ नावाचं जे बटण आहे, ते काम त्यांनी रोज हाताने केलं. कॅमेरा इंग्लंडहून आणलेला होता, हिकमत घरची होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं, ती धुवायचं काम सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी ते केलं. मराठी सिनेमाचं पहिलं तांत्रिक खातं स्वयंपाकघराच्या शेजारी होतं, आणि ते एका बाईच्या हातात होतं.

कोल्हापूरची गोष्ट त्याहून मोठी. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांना सिनेमाने झपाटलं. कॅमेरा स्वतः तयार करायचं त्यांनी मनावर घेतलं. १९१६मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन १९१८मध्ये त्यांनी चालता कॅमेरा उभा केला. १९२०मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. पुढे हेच दामले ‘प्रभात’च्या संस्थापकांत होते.

विकत घेतलेल्या यंत्राने सिनेमा निघाला असता, हे फाळक्यांनी आधीच दाखवलं होतं. पण यंत्र खोलून, घडवून, चुकून, पुन्हा घडवून जी माणसं तयार झाली, त्यांच्यातून पुढचा मराठी सिनेमा तयार झाला. त्या खटपटीत कॅमेरा झाला तसे माणूसही झाले. ईएमआयवर कॅमेरा येतो, हे दुसरं येत नाही.

हे फक्त आपलंच वैशिष्ट्य आहे असंही नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी लेव्हनहूक सतराव्या शतकात स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून पाहत बसला आणि माणसाला पहिल्यांदा जिवाणू दिसले. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत रेजिना वाल्केनबर्ग या विद्यार्थिनीने २०१२मध्ये बिअरच्या रिकाम्या डब्याला बारीक भोक पाडून, आत फोटोचा कागद ठेवून तो दुर्बिणीला बांधला. तो तिथेच राहून गेला. २०२०मध्ये काढला तेव्हा त्या कागदावर सूर्याच्या २९५३ फेऱ्यांच्या रेघा उमटल्या होत्या. आठ वर्षं शटर उघडं ठेवणारा फोन कोणती कंपनी विकते ते मला सांगा.

रीलवाल्यांनो, ‘का’ कुठे आहे?

आता रीलवाल्यांकडे येते. तुमच्या ट्रिक्स सगळ्या खोट्या नसतात. फोनच्या लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवला की मुंगी मोठी दिसते, हे खरं आहे. पण का दिसते हे तुम्ही सांगत नाही. थेंबाला बाक असतो म्हणून तो भिंग होतो, हे एक वाक्य सांगितलं असतं तर पाहणाऱ्याने पुढची युक्ती स्वतः काढली असती. बिघडलेल्या खेळण्यातल्या लेझर पॉइंटरचं भिंग काढून केसांच्या आकड्यात धरलं असतं. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ पाच-सहा मिलिमीटरच असते. तितक्याच ताकदीचं भिंग पुढे लावलं की सेन्सरवर वस्तू जवळजवळ मूळ आकाराची पडते, आणि सेन्सरच काही मिलिमीटर रुंद असल्यामुळे तांदळाचा एक दाणा अख्खी चौकट भरतो. हे कळलं की हेही कळतं की वस्तू अर्ध्या सेंटीमीटरवर लागणार, फोनची सावली पडणार, म्हणून उजेड बाजूने आणायला हवा.

किंवा सुतळीचा ट्रायपॉड घ्या. स्टँडच्या मोबाइल होल्डरला खाली जो आटा असतो तो पाव इंची असतो. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची बोल्ट मागा, सहा मिलिमीटरचा घेतलात तर दोन फेऱ्यांनंतर डुगडुगेल. बोल्टला सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि फोन वर ओढून ताण द्या. हात थरथरतो तो मुख्यतः मोकळा असतो म्हणून, ताणलेला हात स्थिर राहतो. रीलमध्ये नुसती सुतळी दिसते, ताण दिसत नाही. मग मुलं सुतळी बांधतात, सैल धरतात आणि म्हणतात, काही होत नाही यार.

‘का’ न सांगण्याची किंमत कधीकधी जास्त असते. भांडी घासायची बारीक तारकाथ्या पेटवून गरागरा फिरवायची, की फोटोत ठिणग्यांचं वर्तुळ येतं. दिसतं सुंदर. पण त्या ठिणग्या म्हणजे जळतं लोखंड. हिवाळ्यानंतर गडांवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, तिथे हा खेळ करणं म्हणजे वणवा लावणं. जुना फ्लॅश उघडून दाखवणारेही आहेत. बॅटरी काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो, हे वाक्य त्यांच्या तीस सेकंदांत बसत नाही. बसत नसेल तर ती रील करू नका.

तुमचे आक्षेप

‘पक्ष्यांचे फोटो पुठ्ठ्याच्या डब्याने काढून दाखवा.’ नाही काढता येणार. लांबच्या पक्ष्याला लांब लेन्स लागते, क्रिकेटला वेगवान कॅमेरा लागतो, आणि ज्याचं पोट लग्नांच्या फोटोंवर आहे त्याने भरवशाचं यंत्र घ्यावंच. माझा विरोध यंत्राला नाही, काय अडतंय हे कळायच्या आधी यंत्र घेण्याला आहे. वर्षभर खिडकी आणि कार्डशीटवर काम केलेल्या मुलीला नेमकी कोणती लेन्स हवी ते सांगता येतं. शोरूममध्ये पहिल्यांदा गेलेल्याला फक्त हप्ता किती ते विचारता येतं.

‘तुम्ही गरिबीचं कौतुक करता.’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण असं कौतुक खरंच चालतं. २०१२मध्ये ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं पुस्तक आलं, आणि आपल्या टंचाईकडून व्यवस्थापनाचे धडे घ्यायची टूम निघाली. टंचाईत काही गोड नसतं. स्वतःच्या खुशीने डबा बनवणं वेगळं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत कॅमेरा नाही म्हणून ‘करा काहीतरी जुगाड’ असं ऐकून घेणं वेगळं. फी घेणाऱ्या संस्थेने कॅमेरा द्यायलाच हवा. मुलांनी बनवलेल्या डब्याचं प्रदर्शन भरवून ती जबाबदारी झटकता येणार नाही. माझा लेख कुठल्या प्राचार्यांनी त्यासाठी वापरला तर मी तिथे येऊन भांडेन.

आणि तिसरा आक्षेप मीच घेते. हाताने बनवलं म्हणून ते आपोआप पवित्र होत नाही. चेक देशातल्या क्यॉव्ह गावचा मिरोस्लाव तिखी (१९२६–२०११) पुठ्ठ्याच्या नळ्या, दोरे आणि टूथपेस्टने घासलेलं प्लेक्सिग्लास यांतून कॅमेरे बनवायचा. २००४नंतर त्याची मोठमोठी प्रदर्शनं झाली. पण त्याने आयुष्यभर काय टिपलं? गावातल्या बायका, बहुतेकदा त्यांच्या नकळत. त्याच्या कॅमेऱ्याच्या हिकमतीला मी दाद देते, त्या नजरेला देत नाही. उजेडावर हुकमत मिळाली म्हणून समोरच्या माणसावर मिळत नाही. विचारून फोटो काढा, हा नियम लाखाच्या कॅमेऱ्याला आहे तसाच पुठ्ठ्याच्याही आहे.

आता करून बघा

शेवटी एक काम देते. त्याला फोनही लागत नाही.

भर दुपारी, रस्त्याकडे किंवा झाडाकडे उघडणारी एक खोली निवडा. खिडक्या पुठ्ठ्याने आणि काळ्या कागदाने पूर्ण बंद करा, फटींना कापड कोंबा. पुठ्ठ्यात एक सेंटीमीटरचं भोक पाडा. आत बसा आणि डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. घाई करू नका, रील नाही ही.

समोरच्या भिंतीवर हळूहळू बाहेरचं जग उमटेल. आभाळ खाली, रस्ता वर. रिक्षा उलटी जाईल, दोरीवरचे कपडे वरच्या दिशेने लोंबतील, आणि सगळं रंगीत, हलतं. जुन्या वाड्यांच्या दारांना पडलेल्या भोकांतून हे चित्र आपल्या आजोबा-पणजोबांनी भिंतीवर पाहिलेलं आहे. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथमने त्याचा अभ्यास केला. १९९१पासून अबेलार्डो मोरेल हा छायाचित्रकार खोल्याच्या खोल्या अशा कॅमेरा करून त्यांचे फोटो काढतो आहे. भोक मोठं करा, चित्र उजळ पण धूसर होईल. लहान करा, नेटकं पण अंधूक. कॅमेऱ्याच्या कोणत्याही पुस्तकातलं छिद्राचं प्रकरण एवढंच आहे, आणि ते तुम्ही बोटाने केलेलं असेल.

लहान भावंडं असतील तर त्यांना आत बोलवा. आईला बोलवा. मग संध्याकाळी फोन हातात घ्या आणि नव्या मॉडेलची जाहिरात पुन्हा एकदा बघा. ती काय विकते आहे, ते आता तुम्हाला कळलेलं असेल. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठरवणं तुमच्याकडे राहावं, एवढ्यासाठीच हे सगळं भांडण.